घनफुटाला पन्नास किलो

साकीनाक्याच्या भंगारगल्लीत मुश्ताक म्हणाला,
"ॲसिडवाला नको, काका. हा घ्या, यात ग्लिसरीन होतं."
नाक आत घालून पाहिलं. गोडसर. घेतला.
निळा, दोनशे लिटरचा, अंगावर दोन वळ्या.
त्याने तो करवतीने मधोमध कापला,
भावाभावांत वाटणी व्हावी तसा:
एकाला बूड आलं, एकाला झाकण.
मी बूड आणलं.

तीन दिवस सोड्याने धुतला तरी फेस येतच राहिला.
गच्चीच्या पन्हाळीतून तो खाली उतरला,
तळमजल्यावरच्या टिपणीसांच्या तुळशीपर्यंत,
आणि आमचं बोलणं थांबलं.
सात वर्षं.

मुंबईत माती विकत घ्यावी लागते,
गावी सांगितलं तर हसतात.
कन्नमवार नगरातले चार जिने
सिमेंटच्या गोणीतून ती चढवली,
प्रत्येक मजल्याला थोडी सांडत.
तळाला विटांचे तुकडे, नारळाच्या शेंड्या,
मग रसवंतीचा चोथा, मुंग्यांसकट,
मग फिलोमिनाबाईंनी दिलेली कोळंबीची सालं,
ज्यांच्यासाठी रात्री गच्चीवर सात मांजरांची सभा भरली.
सगळ्यात वर
वीतभर कागदी लिंबू.

नोकरी वैधमापनात केली. एकतीस वर्षं
वजनांच्या पोटातलं शिसं तपासलं,
शिक्के मारले, कमी भरलं तर दंड.
म्हणून सोसायटीने स्लॅब बघायला पाठवलेली इंजिनियर पोरगी
हातोडीने टकटक करत म्हणाली,
"ओली माती घनफुटाला पन्नास किलो धरा, सर,"
तेव्हा मी वाद घातला नाही.
मनात गुणाकार केला. पावणेदोनशे.
मी, फिलोमिनाबाई आणि टिपणीस
एका तराजूत बसलो तर जेवढे भरू, तेवढे.
बसलो नसतो, ती गोष्ट वेगळी.

आणि लिंबं? पाचव्या वर्षी, अकरा.
दोन फिलोमिनाबाईंच्या बांगड्यांवर पिळली गेली.
एक मी टिपणीसांच्या उंबऱ्यावर ठेवलं, न बोलता.
जिना चढताना लक्षात आलं,
बंद दारापुढे लिंबू, तेही अमावस्येला.
त्यांनी ते आमटीत पिळलं की कोणाकडून उतरवून टाकलं,
आजवर विचारलेलं नाही.

मग इमारत पाडायची ठरली. नोटिशीत होतं:
'गच्चीवरील सामान हलवावे.'
सामान.
चार हमाल आले. ड्रम हलेना.
उन्हाने प्लॅस्टिक पापडासारखं झालेलं,
एकाने कोयत्याने वरून खाली चिरलं,
दोन्ही बाजू सोलून काढल्या.

माती पडली नाही.
उभी राहिली तशीच, ड्रमाच्या आकाराची,
अंगावर तीच वळी, तोच एका बाजूचा पोचा,
आणि बाहेरून सगळ्या मुळ्या, पांढऱ्या,
गोल, गोल, सुतळीच्या गुंड्यासारख्या,
सात वर्षं भिंतीला हात लावून चाललेल्या.
हमालांनी विड्या पेटवायच्या थांबवल्या.
मागून कोणी विचारलं, "दोर आणू का?"
टिपणीस.

डेपोमागच्या मोकळ्या पट्टीत खड्डा खणला होता लोटन माळ्याने.
तो म्हणाला, "फिरायची सवय लागली हिला.
जमिनीत ठेवली तरी गोलच फिरंल.
चार जागी कापा."
सुरी माझ्या हातात दिली.
मी ती टिपणीसांना दिली.
त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला
आणि कापल्या.

आता भाड्याचं घर, अकरावा मजला, कांजूर.
करारातलं नववं कलम: खिडकीत कुंडी ठेवू नये.
रविवारी जातो. पानं सगळी गळलीत.
खोडाची साल नखाने जरा खरवडतो, झाकतो.
परवा आत हिरवं दिसलं, तिळाएवढं.

टिपणीसांना फोन लावला.
पलीकडे बराच वेळ टीव्ही ऐकू येत होता.
मग म्हणाले, "कुठल्या बाजूला?"