सोमवारी बंद

सुमेधचे केस आम्ही रात्री कापायचो,
तो झोपल्यावर, मोबाईलच्या उजेडात.
बायको त्याला हळूच कुशीवर वळवायची,
मी एका रात्रीत एका कानाजवळचे उडवायचो.
सकाळी उशीवर केस
आणि शाळेत विचारणा:
उंदरांनी कुरतडलं का हो याला?

त्याआधी सिडकोतली चार सलून झाली होती.
मशीन सुरू झालं की तो
आधी स्वतःचे कान दाबायचा, मग माझे.
मला वाचवायचा बिचारा.
मग किंचाळणं, आरशावर लाथ.
चौथ्या ठिकाणी नंबर लावून बसलेला एकजण म्हणाला,
दोन ठेवून द्या, गप बसेल.
हजामत झाली ती आमचीच, बिनपाण्याने.
न कापलेल्या केसांचे साठ रुपये देऊन
मी बाहेर आलो.

गुरुवारी मी सेकंड शिफ्ट मागून घेतलेली.
त्र्यंबक नाक्याजवळ, मोटारपंपांच्या दुकानावर, त्याची थेरपी.
जिन्यात बाकडं एकच, त्यावर सगळ्या आया.
सहा महिने मी खाली स्कूटरला टेकून उभा,
हँडलला सातपूरच्या कंपनीचा डबा,
फोनमध्ये काही नसताना फोन बघत.
एका गुरुवारी वरून आवाज आला,
अहो सुमेधचे पप्पा, ऊन खायला येता का इथं?
सरकल्या त्या. बाकडं तेवढंच होतं.

तिथे कुणाला नाव नाही.
माझ्या फोनमध्ये 'दुर्वाची आई', 'अयानची अम्मी',
'जुळ्यांची आई, धाकटा बोलतो'.
त्यांच्याकडून कळलं
दाखल्याला झेरॉक्स किती न्यायच्या,
नखं आंघोळीनंतर मऊ असतात,
लग्नात कुठल्या दारापाशी बसायचं.
होईल हो सगळं नीट, असं तिथे कुणी म्हणत नाही.
दुर्वाची आई एकदा नुसतीच म्हणाली,
काल मी तिला मारलं.
कुणी काही बोललं नाही.
अयानच्या अम्मीने चिवड्याची पुडी
तिच्या मांडीवर ठेवली, उघडून.

केसांचं माझं रडगाणं ऐकून
तिनेच नंबर दिला.
बिडवे, देवळालीगाव. सोमवारी जा.
सोमवारी? सोमवारी तर सगळे बंद.
म्हणूनच.

शटर अर्धं खाली. वाकून आत गेलो.
रेडिओ नाही, पंखा नाही, पावडरचा वास नाही.
आरशावर चादर.
बिडवे फरशीवर मांडी घालून,
समोर एक कंगवा, एक कात्री.
म्हणाले, मालगाडी जाऊ दे.
मालगाडी गेली.
सुमेधने कात्री उचलली. उघडली, मिटली,
कानाशी नेऊन ऐकली.
बिडव्यांनी आपलं डोकं पुढे केलं.
मी हात पुढे करणार, तोवर त्याने
त्यांची एक पांढरी बट कापली,
बघितली,
आणि कात्री परत दिली.
मग त्यांनी त्याची एक कापली. थांबले. मग आणखी एक.
पाऊण तास.
कुणाला धरायचं नव्हतं, दाबायचं नव्हतं.
आपल्या हातांचं काय करायचं
मला कळेना. मांडीवर ठेवले.

उजवी बाजू झाली आणि सुमेध उठला.
बास, असं तो म्हणत नाही, चप्पल घालतो.
मी म्हणालो, अर्धंच झालंय.
बिडवे केस गोळा करत म्हणाले,
राहू द्या. पुढचा सोमवार आहे की.
पैसेही अर्धेच घेतले.

तर हा माझा मुलगा,
सिटीलिंकच्या बसमध्ये, खिडकीशी,
डावीकडे रान, उजवीकडे सोंगून झालेलं शेत.
बिटकोला चढलेल्या एका बाईंनी त्याच्याकडे बघितलं,
मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.
मी मान खाली घातली नाही.
म्हणालो,
उरलेले पुढच्या सोमवारी.

द्वारकेला उतरेपर्यंत
त्या विचारात होत्या.