चेनीची सवय

ट्रॉम्सोला नोव्हेंबरअखेर सूर्य रजेवर जातो
आणि आमच्या मासिकाचा हिवाळी अंक निघतो.

रागन्हिल तीन रात्री बर्फावर झोपून आली
कंपनीच्या खर्चानं, कंपनीच्याच लॉजमागे.
संध्याकाळी रेनडिअरचा रस्सा, खारवलेला मासा,
आणि कंपनीचा माणूस,
ज्याला तिच्या मुलीचं नाव पाठ होतं.
स्लीपिंग बॅग परत पाठवू नका, म्हणाला, राहू दे.

तिनं लिहिलं होतं:
उणे एकोणीसला चेन अडकली, दोनदा.
गुडघ्यापाशी उघडीच राहिली.
शेवटी दातांनी ओढली.

मी मुद्रितं तपासते.
"दातांनी" मीच काढलं. जागा कमी होती.
खरंच कमी होती.
मलपृष्ठावर तीच बॅग, निळ्या उजेडात,
पूर्ण पान, पैसे आगाऊ.

आयविंदनं "अडकली"वर पेन्सिल टेकवली.
खोडलं नाही, नुसती टेकवली,
आणि कॉफी आणायला गेला.
मी लिहिलं: चेनीला थोडी सवय लागते.
रागन्हिल वाचून म्हणाली, आता कसा ओघ आलाय.

कुणीच कुणाला काही सांगितलं नाही.
शपथेवर सांगेन, आणि शपथ खरी असेल.
वजन खरं, किंमत खरी, ऊबसुद्धा खरी.
तारेही चारच दिले.
पाच दिले की लोकांना संशय येतो.

मार्चमध्ये वार्डोहून पत्र आलं,
होड्या दुरुस्त करणाऱ्या कुणा ऑडमुंडचं.
अक्षर वाकडं, सूर तक्रारीचा नाही:
"तुम्ही म्हणालात तशी मला चेनीची सवय झाली.
डाव्या पायाच्या दोन बोटांना
तेवढी सवड मिळाली नाही."

छापू या का, आयविंद म्हणाला,
मग भिंतीवरचा पुढच्या अंकाचा आराखडा पाहिला,
पहिल्या पानापासून मलपृष्ठापर्यंत.
जागा बघू, म्हणाला.

पत्र माझ्या खणात आहे.
खाल्ल्या मिठाला जागावं, हे ठीक;
मी तर ते मीठ खाल्लंही नव्हतं,
रागन्हिलच्या डब्यातला माशाचा एक तुकडा सोडला तर.

बॅग तिनं मला देऊन टाकली,
तिच्याकडे आधीच्या चार आहेत.
काल रात्री हीटरशेजारी अंथरून पाहिली.
चेन वर गेली, खाली आली, पुन्हा वर,
लोण्यातून सुरी फिरावी तशी.

घरात उणे एकोणीस नसतं.