अर्धी अर्धी भाकरी

होटगी रोडवरच्या हॉटेलात आई दारातच चपला काढू लागली.
"राहू द्या अम्मा," वेटर म्हणाला, तेलुगूत,
आणि तिचे खांदे सैल झाले.

एसीच्या झोताखालचं टेबल त्यानं न विचारता बदललं.
मेनूकार्ड मला दिलं;
तिला नुसतं सांगितलं, आज काय चांगलं झालंय.

चाळीस वर्षं विड्या वळलेली बोटं
कागदी रुमालाची सुरळी करत बसली.
पाणी सांडलं, तर तीच उठली पुसायला.
त्यानं फडकं हिसकावलं नाही,
दुसऱ्या बाजूनं पुसत आला.

शेंगाभाजी. कडक नको म्हणून मऊ भाकरी,
अर्धी. ती सरत आली की
तव्यावरून दुसरी अर्धी.
शेजारी कुणाचा तरी वाढदिवस, गाणं कर्कश;
तो जाऊन आवाज कमी करून आला.
तेवढ्यात तिनं त्याचं आडनाव, गाव, लग्नाचं,
सगळं विचारून घेतलं होतं.

"कशी होती भाजी?"
"तिखट कमी."
मग बडीशेप चघळत, बऱ्याच वेळानं,
"गरम खाल्लं पण. शेवटपर्यंत."

रिक्षा सात रस्त्याला आली तेव्हा म्हणाली,
"तो नरसिमलू जेवतो किती वाजता?"
मी बिल उलटंसुलटं करून पाहिलं.