थप्पी

महापेच्या ऑफिसात आम्ही सहाजणं
एक जुना खेळ नव्यानं बनवत होतो.
तोच, वरून ठोकळे पडणारा,
ओळ भरली की ओळ गडप.
तळहातावर मावेल एवढं यंत्र,
दोन बटणं, एक चाक,
आणि साहेबांचं एकच पालुपद:
प्रज्वला, यात नवीन काय?

नवीन काही नव्हतं.
रंग बदलले, ठोकळ्यांना डोळे लावले,
चौकट गोल केली,
ठोकळे खालून वर सोडले.
दोन दिवस गंमत, तिसऱ्या दिवशी जांभया.

मग ते यंत्र मी घरी नेलं, कोपरखैरण्याला,
अण्णांच्या हातात दिलं.
अण्णा तेव्हा कमरेला पट्टा बांधून पडून होते.
एकतीस वर्षं मसाला मार्केट,
पोती आधी शंभर किलोची, मग पन्नासची.
मणक्यातली चकती
त्या फरकाआधीच सरकलेली.

अंगठे जाड. एका दाबात दोन्ही बटणं.
पहिला डाव हरले, दुसरा हरले,
तिसऱ्यात एक ओळ भरली आणि गेली.
ते कितीतरी वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.
"गेली कुठं?"
भरली ना, म्हणून गेली.
"उचलली कुणी?"
कुणी नाही. आपोआप.
"मग वाराई कुणाच्या खात्यात?"

मी हसले. ते हसले नाहीत.

रात्री जेवताना त्यांनी ताटाशेजारी
काड्यापेट्या मांडल्या.
"हे बघ. सांध्यावर सांधा आला की थप्पी फुटती.
खालची दोन आडवी, वरचं उभं,
त्याच्यावर परत आडवी. कैची म्हणत्यात.
तुझ्या खेळात सांध्यावर सांधा, तरी हालत न्हाई.
हळकुंडाचं पोतं कडक, ते बसत न्हाई.
धन्याचं दाबलं की बसतं.
मिरची हलकी, म्हणून सगळ्यात वर,
आन् नाकाला फडकं."

मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले.
आमटी गार झाली.

पंधरवड्यात ठोकळ्यांना वजन आलं.
भरलेली ओळ आता जागची हलेना.
सांधे जुळले की अख्खी रास कलंडू लागली,
चाक फिरवून पोतं आडवं-उभं करायचं,
आणि यंत्र हातात तिरपं झालं तर रासही तिरपी.
साहेब म्हणाले, हं.
त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ.

अण्णा मात्र दर डावात
डाव्या भिंतीशी एक उभी फट सोडत.
कितीही सांगा. खेळ गुण कापायचा,
लाल दिवा, चर्र आवाज.
अण्णा, भरा ना ती.
"आन् हिंदुराव बाहेर कुठनं येणार?"

हिंदुराव त्यांच्या टोळीतला.
मी त्याला फक्त फोटोत पाहिलंय,
टोळीच्या, अगदी कडेला, अर्धा कापलेला.
गाळा कितवा ते अण्णा अजून सांगत नाहीत.
एवढंच, की व्यापाऱ्याला जागा कमी पडत होती,
भिंतीपर्यंत लावा म्हणाला,
आणि यांनी लावली.

त्या रात्री मी नियम उलटा केला.
फट ठेवली तर गुण.
भरली तरी डाव चालतो,
चर्र होत नाही, लाल होत नाही,
थोड्या वेळानं कडेचा एक दिवा
विझतो फक्त.

ऑफिसात विचारतात, या फटीतून जातं कोण?
म्हणून परवा एक माणूस काढला,
पाच ठिपके उंच,
सगळ्यात वरचा ठिपका काळा.
अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला,
यंत्र नाकाशी नेलं.
"चुंबळ काढ त्याची."
चुंबळ नाही ती, अण्णा. केस आहेत.
"मग ऱ्हाऊ दे," म्हणाले,
आणि चार्जर मागितला.