पैऱ्याची वही

आमच्या पैऱ्यात सातजणी.
बायडाक्काचं रान सगळ्यांत मोठं, दोन एकर पाच गुंठे.
मुमताजभाभीचं ओढ्याच्या कडेला, अठरा गुंठे,
त्यातही एक बाभळ.

वही माझ्याकडं, कारण मी सातवी पास.
शंभर पानी, वर वाघाचं चित्र.
पहिली चार पानं पोराच्या चुकलेल्या भागाकारांची,
पाचव्यापासून आम्ही.

आडवी रेघ म्हणजे दिवस.
अर्धी रेघ म्हणजे जेवणापर्यंत.
रेघेवर टिंब म्हणजे लेकुरवाळी आली होती,
बाभळीला झोळी बांधून, दर घटकेला पाजायला उठणारी.
तिचाही दिवस पुरता धरायचा,
हे बायडाक्कानं पहिल्याच वर्षी सांगितलं
आणि तिच्या तोंडाकडं बघून
कुणी हूं की चूं केलं नाही.

"पैसं नगंत," ती म्हणाली होती.
"पैसं हातावर पडलं की संपलं.
दिसाला दीस."

शाळू उपटायचा म्हणजे
दोन्ही मुठींत धाटं आणि झटका कंबरेतनं.
मुळाची माती नडगीवर आपटून झाडायची.
तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड,
चौथ्या दिवशी ते फुटतात,
पाचव्या दिवशी भाकरी मोडताना कळतं
की हात अजून आपलेच आहेत.
जिचं रान तिची पात मधली.
कोरड्यासही तिचंच. भाकरी ज्याची त्याची.
सुलाबाईच्या रानात वांगं कायम खारट,
म्हणून तिच्या पाळीला आम्ही दही बांधून नेतो.
ती हे वाचणार नाही.

शालननं माझ्या रानात दोन दिवस काढले.
तिची पाळी आली तेव्हा मी मिरजेला,
दवाखान्यात, सासूच्या उशाशी.
परत आले तर शालनचा कडबा रचून झालेला
आणि वहीत माझ्या नावापुढं
दोन रेघा उघड्या.

मग कालव्याचं पाणी आलं.
पाडव्याला शालननं रान खंडानं दिलं, उसाला,
आणि नवऱ्यामागं विट्याला गेली. मागावर.
कांड्या भरते म्हणे, उभ्यानं.

दोन रेघा कुठं फेडायच्या?
उसात? त्या उसाचा मालक मला ओळखतही नाही.

चैत्रात एक दिवस वही पिशवीत घातली
आणि विट्याची एसटी धरली.
मागांची गल्ली अशी वाजत होती
की शालन दारात काय म्हणाली ते कळलं नाही.
मी वही उघडून दाखवली.
ती आधी हसली, मग आत जाऊन म्हणाली,
"चीक शिजलाय. सोऱ्या दाबायला माणूस न्हाई.
घे."

पत्र्यावर, जुन्या लुगड्यावर, कुरडया.
ती दाबायची, मी वळवायची, मग मी दाबायची.
खाली माग, वर ऊन.
तिचे हात मऊ पडलेत, मला दिसलं.
मी काही बोलले नाही.
तिनं माझ्या हातांकडं बघितलं,
तीही नाही.

दुपारी तिची पाळी सुरू व्हायची होती.
मी पेन काढलं तर म्हणाली, "किती मारतीस?"
"एक."
"जेवणापतुरच झालं की. अर्धी मार."
मी म्हटलं, गाडीभाड्याचं तरी धर.
तिनं वही ओढून घेतली,
स्वतःच अर्धी रेघ कापली, वाकडी,
आणि पदरानं हात पुसत जिना उतरली.

यंदाच्या माघात आम्ही सहा.
पाती रुंद झाल्या. दिवस मावळला
तरी टोकाला शाळू उभाच.
रात्री मुमताजभाभीनं कंदील वर धरला,
मी हिशेब वाचला.
"हे दीड कुणाचं?"
"माझ्यावर हाय. शालनचं."
"मागच्या सालचं?"
"मागच्या सालचं."
"मग नव्या पानावर घे," भाभी म्हणाली,
"जुनं पान उंदरानं खाल्लं तर?"

मी घेतलं.