एकोणीस वर्षांचा नवखा

दोइना, पेट्या राहू देत जिन्यात, आधी चहा घे.
आणि एक ऐक : खिडकीत पाव ठेवू नकोस.
सीगल इथे पाहुणे नव्हेत,
मिळकत त्यांची, आपण कुळं.
मी पहिल्याच आठवड्यात एकाला चिप्स घातल्या,
प्रेमानं, हातानं.
दुसऱ्या सकाळी चाळीस हजर.
चौदा नंबरच्या थ्रेलफॉल बाईंनी वाळत घातलेली पांढरी चादर...
पुढचं सांगत नाही.
दोन वर्षं त्या माझ्याशी हवामानाबद्दलसुद्धा बोलल्या नाहीत.
ऑल्डरमथमध्ये यालाच वाळीत टाकणं म्हणतात.

तर हवामान.
"जरा झोंबतंय, नाही?" असं कुणी म्हटलं
तर तो प्रश्न नव्हे.
"हो ना," म्हणायचं, आणि कॉलर वर करायची.
तुमच्या काळ्या समुद्रावर वारा कसा सुटतो
ते तिथे काढू नकोस.
ते मला सांग. मला ऐकायचंय.

बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू,
त्यानं तुझा स्टॉप चुकवला असला तरी.
जानेवारीत "किती शांत आहे इथे!" म्हणू नकोस,
ज्यांची दुकानं ईस्टरपर्यंत मिटलेली
ते ती शांतता विजेच्या बिलात वाचतात.
ऑगस्टमध्ये गर्दीच्या नावानं बोटं मोड खुशाल,
सगळेच मोडतात,
फक्त गर्दीच्या तोंडावर नाही.
किनाऱ्यावरच्या त्या रंगीत लाकडी खोपट्यांची किंमत विचारू नकोस.
विचारलीस तर आधी कठडा धर.

आणि धक्क्याच्या उतारावर गाडी लावायची नाही.
पाच मिनिटंही नाही.
पाटी आहे तिथे, पण पाटीसाठी नव्हे.
मासळीवाल्या रोरीच्या कमरेचा पेजर वाजतो
तेव्हा तो अर्धा कापलेला हॅडॉक तसाच टाकून धावतो,
एप्रनसकट, त्या उतारानं, लाइफबोटीकडे.
रांगेतलं कुणी घरी जात नाही.
कुणी घड्याळ बघत नाही.
कुणीतरी सुरी उचलून पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवतं, बस.
परत आल्यावर "काय झालं?" विचारायचं नसतं.
तो हात धुतो, म्हणतो, "हं, कुणाचा नंबर?"

एका फेब्रुवारीत तो हात धूतच राहिला.
नळ वाहत होता.
नंबर माझा होता, मी बोललो नाही.
तिकडे स्टोकला असतो तर
नक्की काहीतरी बोललो असतो,
खांद्यावर हात ठेवला असता,
आणि ते चुकलं असतं.
तेव्हा थ्रेलफॉल बाई, माझ्या मागेच उभ्या,
समोर बर्फातल्या माशांकडे बघत म्हणाल्या,
"जरा झोंबतंय, नाही?"
"हो ना," मी म्हटलं.
कॉलर वर केली.

अजून मी इथला नाही हं.
"तो स्टोकचा, बूट शिवणारा, चाव्या करणारा,"
एकोणीस वर्षं हेच.
चौदा नंबरच्या दोन जोड्यांच्या टाचा बदलल्यात मी तेवढ्यात,
आणि चादर आता त्या घरातच वाळवतात.

कचऱ्याचे डबे गुरुवारी. हिरवा एक आठवडा आड.
ही तुझी चावी, मीच कापली आहे.
आधी दार स्वतःकडे ओढ,
मग फिरव.
खारा वारा आहे, दारं फुगतात इथे सगळ्यांचीच.