बरणी

एकेचाळीस हजार दोनशे बारा.
आकडा तिथंच थांबला, मर्चिसन रस्त्याच्या चढावर,
रात्री पावणेदोनला.
मागं हौद्यात चोवीस पेट्या मधमाश्या.

आवाज पंधरा दिवस आधीच बदलला होता.
राणी मेलेली पेटी गुणगुणत नाही, कण्हते,
तसं इंजिन कण्हत होतं.
बर्नीला जाऊन सांगितलं मी. त्यांनी वायर जोडली,
पडदा पाहिला, म्हणाले, कोड काही येत नाहीये.
माझ्या कानाला कोड नसतो.

उजाडायच्या आत पेट्या उतरवायला हव्या होत्या.
ओंडक्यांच्या ट्रकवरचा कॉर्बन थांबला,
माश्यांना जन्मभर भ्यालेला माणूस,
आणि हातमोजे न घालता
एकेक पेटी माझ्यासोबत खडीवर मांडत गेला.
त्याला सात डंख. माझे मी मोजले नाहीत.
लेदरवुड फुललं होतं वीस किलोमीटर पुढं.
आम्ही त्या साली रस्त्याकडेच्या ब्लॅकबेरीवर भागवलं.

मग पत्रं.
वॉरंटी पाच वर्षांची, गाडी दोन वर्षांची,
सर्व्हिसच्या वहीत एकही शिक्का चुकलेला नाही.
तिसऱ्या पिस्टनला भोक, करंगळी जाईल एवढं.
कंपनी म्हणते, डिझेलमध्ये पाणी होतं.

पाणी!
टास्मानियाच्या या पश्चिम अंगाला
पाण्यावर आळ घ्यायचा तर
सुरुवात आकाशापासून करावी लागेल.
पण टुलाच्या पंपावर त्या दिवशी
माझ्या मागं शाळेची बस होती,
बसच्या मागं आगीचा बंब.
दोघंही अजून धावतायत.
म्हणजे पाणी मुरतंय ते दुसरीकडंच.

टाकीतलं डिझेल मी मधाच्या बरणीत काढलं,
दुसरं काही घरात नव्हतंच,
आणि लॉन्सेस्टनच्या प्रयोगशाळेत नेऊन दिलं.
तिथल्या बाईंनी उजेडात धरून विचारलं,
कुठल्या फुलांचा?
आठवड्यानं कागद आला : पाणी मर्यादेत.
कंपनीनं कागद वाचला आणि विचारलं,
बरणी कोरडी होती, याला पुरावा काय?

चार महिने.
मेलबर्नचा फोन, वाट पाहा, बासरीची तीच धून,
मग नवा माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं.
शेवटी म्हणाले, सद्भावना म्हणून साठ टक्के देऊ.
मी म्हटलं, सद्भावना नाताळात पाठवा,
मला आत्ता इंजिन हवंय.

काउंटरवरच्या एका पोरानं
माझी फाईल परत देताना, वर न बघता,
हळूच म्हटलं,
तिसरं इंजेक्टर. तुमची चौथी गाडी आहे.
त्याचं नाव मी इथं लिहीत नाही.
तिथंही घेतलं नाही.
लवादासमोर एवढंच विचारलं,
तिसऱ्या इंजेक्टरच्या अशा किती गाड्या आल्या?
कंपनीच्या वकिलानं चष्मा पुसला.
बराच वेळ पुसला.

इंजिन बदलून मिळालं.
सोबत एक कागद : कंपनी कुठलीही चूक मान्य करत नाही,
तक्रारदार मेरिन हॅडग्राफ हे कुणाला सांगणार नाही.
दुसऱ्या कलमावर मी रेघ मारली, खाली सही केली.
त्यांनी काही म्हटलं नाही. बहुतेक वाचलंच नसावं.
गेलेला हंगाम कुठल्याच कलमात नव्हता.

आता चढ आला की काच खाली करते,
रेडिओ बंद.
गुणगुणतंय.
तरी ते वळण येईतो माझे हात चाकावर आवळलेले.

बरणी अजून फळीवर आहे, मधाच्या रांगेत,
रंगही जवळपास तोच.
त्या पोराला मी शेजारचीच बरणी पाठवली, ब्लॅकबेरीची,
आणि पाठवण्याआधी
दोनदा झाकण उघडून वास घेतला.